पहाटे पाचची बोंडं

डीसा, गुजरात
४ जून २०२५, दुपारी दीड

अपूर्वा मॅडम,

पत्राच्या वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहायला शाळेत शिकवलं होतं. ते लिहिलेलं नाही, कारण करायचा नाही.

काल आईचा फोन आला. म्हणाली, तुझ्या हापिसातली चष्म्याची बाई आली होती, तुझा पत्ता घेऊन गेली. आईने तुम्हाला चहा दिला, शेंगदाण्याचा लाडू दिला आणि पत्ताही दिला. तुम्ही कोण ते तिला माहीत नाही. मी घरी सांगितलंय की काम संपलं म्हणून सोडलं. जानेवारीत तुमच्या लॅबच्या श्रीधर सरांनी मला तिथल्या पोर्चमध्ये पंधरा माणसांसमोर हाकलून दिलं, हे आमच्या मांजरी गावात कुणाला ठाऊक नाही. तुम्ही आईला सांगितलं असेल तर तसं कळवा. सांगितलं नसेल तर परत त्या घराची पायरी चढू नका.

काय काम आहे ते लिहून पाठवा. तुमचा नंबर ब्लॉक केलाय, तो तसाच राहील. फोनवर माणूस बोलतो आणि मग ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणतो. तुमच्या लॅबमध्ये हे फार चालतं. कागदावर लिहा, तारीख घाला, खाली सही करा. ही सवय तुम्हीच लावलीत. दोन हंगाम तुमच्या प्लॉटवर एरंडाच्या बोंडांच्या एकेका पिशवीवर मी तारीख, वेळ, सही घातली. आता घरच्या पत्रावर पण हात आपोआप वेळ लिहितो.

इथं एरंडीच्याच गोदामात आहे. हसू नका. बडोद्याला पाइपच्या कारखान्यात दीड महिना काढला, तिथल्या मुकादमाशी पटलं नाही, निघालो तो इथं. आपण तिकडे एकेक बी चिमट्याने उचलायचो. इथं फावड्याने ओढतात.

शंभू

॰

लॅब, हडपसर, पुणे
११ जून २०२५

शंभू,

नमस्कार नको हे समजलं. माझाही वाचला.

तुझ्या आईंना मी काहीही सांगितलेलं नाही. लाडू चांगला होता.

आता काम. तू दोन वेळेला बोंडं कापायचास, दुपारी दोनला आणि पहाटे पाचला. माझा अख्खा प्रबंध त्या पहाटेच्या बोंडांवर उभा आहे. कच्च्या बीमध्ये साखर हाताळणारं एक प्रोटीन असतं, त्याच्यावर फॉस्फेट बसलेला असतो. दुपारच्या बियांमध्ये तो भरपूर, पहाटेच्या बियांमध्ये निम्म्याहून कमी. म्हणजे रात्रभर ऊन नसलं की बी आपलं काम आवरतं घेते, असं मी लिहिलं. हैदराबादच्या परिषदेत त्याला बक्षीस मिळालं. सरांनी तो आलेख फ्रेम करून भिंतीवर लावला.

तू गेल्यावर फेब्रुवारीत मी स्वतः सहा दिवस पहाटे पाचला जाऊन बोंडं कापली. फॉस्फेट जिथल्या तिथे. दुपारइतकाच. सहाच्या सहा दिवस.

सर म्हणाले, यात दोनच शक्यता आहेत. एक तर दोन वर्षांचे नमुने चुकीचे आहेत, नाहीतर कोणीतरी आकडे घरी बसून तयार केलेत. दुसरी शक्यता सांगताना ते माझ्याकडे बघत होते. १२ ऑगस्टला समिती बसणार आहे. ती घसरण आली कुठून हे मला सांगता आलं नाही तर माझी नोंदणी रद्द. सहा वर्षं गेली आणि वर खोटारडी म्हणून नाव.

म्हणून सरळ विचारते. पहाटेच्या बोंडांचं तू काय करायचास? उशिरा उठायचास? गोठवायच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकायच्या आधी बिडी ओढत बसायचास? सरांवरच्या रागाने मुद्दाम काही केलं असशील तर तेही सांग. मी तक्रार करणार नाही. मला कारण हवंय.

अपूर्वा

॰

डीसा
२० जून २०२५, सकाळी साडेसहा

मॅडम,

बिडी मी ओढत नाही. सिगारेट तुमचे मशीनवाले आमोद सर ओढतात, पंपाच्या खोलीमागे. थोटकं मी गोळा करायचो, कारण श्रीधर सरांना दिसली तर विचारणार कुणाला? शंभूला.

नोव्हेंबर ते जानेवारी मी पंपाच्या खोलीत झोपलो. दोन हंगाम. तुम्ही गोधडी आणून देते म्हणाला होता, ती अजून तुमच्या वारजेच्या घरातून निघालेली नाही. पावणेपाचला उठायचो, नायट्रोजनचा कॅन बाहेर काढायचो, बोंड फोडून बी त्या धुरात टाकायचो. पाचला बी नायट्रोजनमध्ये पडलं नाही असा एक दिवस दाखवा. एक दाखवा, मी स्वतः पुण्याला येऊन तुमच्या सरांच्या पाया पडतो. उशिरा उठायचास का म्हणे. उशिरा उठणाऱ्यांच्या गाड्या साडेदहाला गेटवर यायच्या, त्यांना दार मी उघडायचो.

आणि कारण कुणाला मागताय? सतरा जानेवारीला मी कारण मागत होतो. सकाळी कॅनचं झाकण उघडं, नायट्रोजन उडून गेलेला, आतली बियांची पाकिटं वितळून ओली. मी म्हटलं, सर, झाकण मी लावलं होतं. सर म्हणाले, “मग काय भुताने काढलं? आठवी नापास माणसाच्या हाती विज्ञान दिलं की असंच होणार.” मी म्हटलं, तोंड सांभाळून बोला. झालं. ठेकेदार रंगरावला फोन, त्याचा माणूस, म्हणजे मी, अर्ध्या तासात बाहेर.

आदल्या संध्याकाळी आमोद सरांनी आपली पाकिटं काढायला तो कॅन उघडला होता. तुम्ही जिन्यावर उभ्या होता. मी खालून पाहिलं. सकाळी पोर्चमध्ये तुम्ही मोबाइलमध्ये बघत होता. त्या मोबाइलमध्ये इतकं काय होतं?

दोन वर्षं बोटं गारठवली तो फॉस्फेट म्हणजे नेमकं काय, हे मला कुणी सांगितलेलं नाही. एकदा विचारलं तर आमोद सर म्हणाले, तुला समजून काय करायचंय, तू घोसांना खुणेचे धागे बांध. आता तुमची नोंदणी माझ्या उत्तरावर आहे तर आधी मला समजावून सांगा.

शंभू

॰

हडपसर
२८ जून २०२५

शंभू,

बिडीचं मागे घेते.

समजावते. एरंडाचं पान उन्हात साखर बनवतं. ती दांड्यातून खाली घोसात येते, बोंडात शिरते, कच्च्या बीपर्यंत पोचते. बीला ती साखर तशी नको असते, तिला तेल बनवायचं असतं. म्हणून साखर तोडायची, पुढे ढकलायची, तेलाच्या वाटेला लावायची, ही कामं बीमधली प्रोटीनं करतात. पण प्रोटीन नुसतं असून भागत नाही. दुसरं एक प्रोटीन येऊन त्याच्यावर फॉस्फेटचा बारीकसा तुकडा चिकटवतं. तो बसला की पहिलं प्रोटीन जोरात चालतं. तिसरं कोणीतरी येऊन तो काढून घेतं, की ते मंदावतं. साखर भरपूर येतेय का आटलीय, त्यावर हे चिकटवणं-काढणं चालतं. प्रोटीन तेच, संख्या तीच. काम किती होणार ते त्या तुकड्यावर.

आणि हे सतत चालू असतं. म्हणून बी काढल्याकाढल्या नायट्रोजनमध्ये टाकायची, म्हणजे ज्या क्षणी जसं होतं तसं गोठतं.

म्हणूनच विचारतेय. माझा संशय असा की तू बिया काढून ताटलीत जमवायचास आणि सगळ्या एकदम टाकायचास. दहा मिनिटं जरी गेली असली तरी सांग. त्या दहा मिनिटांवर माझी सहा वर्षं आहेत.

सतरा जानेवारीबद्दल भेटीत बोलू. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

अपूर्वा

॰

डीसा
७ जुलै २०२५, रात्री आठ

मॅडम,

समजलं. मुकादमाने पाठीवर थाप मारली की टोळीचा हात चालतो. थाप बंद झाली की माणसं तीच, कोयते तेच, पण काम निम्मं. तुम्ही सहा वर्षं एरंडाच्या बीमधली थाप मोजताय. मला सांगा, दोन वर्षांत तुमच्या लॅबमधल्या एका तरी माणसाने माझ्या पाठीवर थाप मारली? तुमच्याकडे ते काढून घेणारं तिसरं प्रोटीनच जास्त.

ताटलीत मी बिया जमवल्या नाहीत. एक बोंड फोडायचं, तीन बिया निघायच्या, तिन्ही लगेच आत. मग दुसरं बोंड. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

पत्रात लिहिण्यासारखं नाही म्हणता ना, मग ते खरं असणार. खोटं असतं तर तुम्ही तीन पानं लिहिली असती. एका वाक्यात उत्तर द्या: जिन्यावर होता की नव्हता?

आणि एक विचारतो, सहज. घोस झाडावरून कापला आणि बोंडं फोडली नाहीत, तशीच दांड्याला ठेवली, पाण्यात, सावलीत, अगदी टवटवीत, तर तो फॉस्फेट किती वेळ टिकतो?

शंभू

॰

हडपसर
२१ जुलै २०२५

शंभू,

होते जिन्यावर. हे झालं तुझं एक वाक्य.

आता माझी.

काल मी मांजरीला गेले. पायरी चढू नका म्हणाला होतास, तरी चढले. तू पत्रात खरं लिहीत नाहीयेस असं वाटत होतं, म्हटलं आईंना विचारावं. त्यांनी चहा टाकला. दिवेलागण झाली होती. मी म्हटलं, दारातल्या डब्यातला गवती चहा तोडून आणते. पातीला हात लावला तशा त्या आतून ओरडल्या, “अगं ए बाई! दिवं लागलं न्हवं? आता झाडाला हात लावतीस? झोपल्याली हायत ती. सूर्य उगवंस्तोवर पान तोडायचं न्हाई आपल्यात.” मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आमचा शंभू बघ. ल्हान हुता तवा एकदा रातचं लिंबाचं पान तोडलं त्यानं, म्या पाठीवर लाटणं मोडलं. तवापासून अंधारात काडीला हात लावत न्हाई प्वार.”

गवती पातीशिवायच चहा प्यायले. बसमध्ये बसले आणि तुझी तिन्ही पत्रं पर्समधून काढून वाचली. पाचला बी नायट्रोजनमध्ये पडलं, असं तू शपथेवर लिहितोस. पाचला घोस कापला, असं एकाही पत्रात नाही. एकाही! आणि शेवटी ‘सहज’ विचारतोस की दांड्यावर ठेवला तर फॉस्फेट किती टिकतो!

तू संध्याकाळीच कापायचास. दिवे लागायच्या आत. रात्रभर घोस कापलेला पडून असायचा.

रजिस्टरमध्ये एक रकाना आहे, ‘झाडावरून कापल्याची वेळ’. मी आज मोजलं. एकशे अठरा ठिकाणी तुझ्या अक्षरात पाच लिहिलंय. एकशे अठरा वेळा खोटं, शंभू. मी त्या खोट्यावर हैदराबादला टाळ्या घेतल्या. लोकांनी प्रश्न विचारले तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं की नमुन्यांबद्दल शंका नको, आमचा माणूस पाचच्या ठोक्याला कापतो. आमचा माणूस! सर मला चोर समजताहेत, आईबाबा घरी माझ्याशी हळू आवाजात बोलतात, आणि तू मला गोधडीवरून टोमणे मारतोस.

१२ तारखेला फार दिवस नाहीत. काय केलंस ते सगळं लिही. सहीनिशी. नाही लिहिलंस तर मला जे वाटतं ते मी सांगीन, आणि ते तुला आवडणार नाही.

अपूर्वा

॰

डीसा
१ ऑगस्ट २०२५, सकाळी सात

मॅडम,

मग ऐका.

पहिल्या हंगामातला पहिला दिवस. पाच वाजता कात्री घेऊन सातव्या ओळीत उभा राहिलो, बॅटरी तोंडात धरून. दव पडलं होतं, पानं खाली लोंबलेली. वीस मिनिटं उभा होतो. हात गेला नाही. मी देवाधर्माचा नाही, मांजरीत विचारा कुणालाही, जत्रेत पण मी पाळण्यात बसायला जातो. पण हात जाईना. तुम्हाला भर रस्त्यात म्हाताऱ्या माणसाच्या थोबाडीत मारा म्हटलं तर जाईल का? तसं.

तो दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. संध्याकाळी सहाच्या आत, उजेड असताना घोस दांड्यासकट कापला. बादलीत पाणी, दांडा पाण्यात, वरून ओलं पोतं. मंडईतले भाजीवाले ठेवतात तसं. पहाटे काढला तर बोंडं इतकी ताजी की बोटाला काटे टोचत होते. मला वाटलं, ताजं आहे ना, मग झालं. पाचला फोडायचं ते पाचलाच फोडलं. वेळ पाच लिहिली. त्या रकान्यात काय छापलंय ते मला वाचता येतं. तिथं पाच लिहिताना पहिल्या दिवशी हात अडखळला. नंतर नाही अडखळला. हे खोटं होतं. घ्या, लिहून दिलं.

आता तुमचं.

दोन हंगाम, एकशे अठरा पहाटा. एका तरी पहाटे तुम्ही आलात? एका? संध्याकाळची वारजेची बस तुम्ही चुकवली नाहीत. आला असता तर बादली दिसली असती. पोत्याखाली झाकली होती, लपवलेली नव्हती. आमोद सर दिवाळीत एकदा येऊन गेले, बादलीत हात धुवून गेले! तुमचा माणूस म्हणे. माणूस तुमचा होता तर तो कसा झोपतो, काय खातो, कशाला घाबरतो, काही तरी माहीत असायला पाहिजे होतं.

बी झाडावर असताना वेगळं आणि कापल्यावर वेगळं, हे तुम्ही मला जून महिन्यात सांगितलंत. दोन हजार पंचवीसच्या. तेच मला पहिल्या दिवशी पाच मिनिटं खर्च करून सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, मॅडम, अंधारात माझ्याच्याने कापवत नाही, कापायला दुसरा माणूस बघा, बाकी सगळं मी करतो. मी कुणाला सांगणार होतो? धागे बांध म्हणणाऱ्याला? तुम्ही हसला असता. आईपुढे हसलातच. तुमच्या मोठ्या मशीनला खंडेनवमीला हळदकुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो, नारळ फुटतो, पेढे मीच आणले होते. तेव्हा कुणी हसलं नाही. मशीनचा तो संस्कार, आणि माझा अडाणीपणा.

इथं गुजरातमध्ये माणसं डोक्याला बॅटरी बांधून रात्रीचे घोस कापतात. कुणाचं काही बिघडत नाही. तरी मी नाही कापत. मी गोदामात बरा.

सोबत वेगळा कागद जोडलाय. त्यात बादली, पोतं, सहाची वेळ, सगळं ओळीने लिहून खाली सही आणि अंगठा दोन्ही दिलंय. समितीला द्या. पण अट आहे. तो कागद समितीच्या खोलीत गुपचूप द्यायचा नाही. आधी पोर्चमध्ये वाचायचा, मोठ्याने, जिथं मला हाकललं तिथं, त्याच पंधरा माणसांसमोर. आणि माझा वाचून झाला की तुमचा वाचायचा. जिन्यावरचा. मी माझं खोटं सहीनिशी दिलं. तुमचं खोटं मुकं होतं, म्हणून काय ते खोटं नाही?

आठवी नापास
शंभू

॰

हडपसर
१८ ऑगस्ट २०२५

शंभू,

वाचलं. दोन्ही.

बारा तारखेला सकाळी साडेदहाला, पोर्चमध्ये. पंधरा नव्हते, अकरा होते. दोघं सुट्टीवर आणि दोघं साडेदहालाही आले नव्हते. श्रीधर सर गाडी लावून येत होते, त्यांना थांबवलं. तुझा कागद मोठ्याने वाचला. मग माझा काढला. मी म्हटलं, सोळा जानेवारीच्या संध्याकाळी कॅन आमोदने उघडला, झाकण तिरकं ठेवून तो गेला, मी जिन्यावरून पाहिलं. मला वाटलं येऊन नीट लावीन. बस पकडायची होती. सकाळी बोलले नाही, कारण माझे नमुने आमोद ज्या मशीनवर बसतो तिथूनच जाणार होते.

आमोद म्हणाला, “वा! प्रवचन छान झालं.” आणि आत गेला. अजून बोलत नाही. मशीनच्या यादीत माझं नाव सगळ्यात खाली गेलंय. सरांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, “प्रोटीनला सेकंद लागतात, तुम्हाला सात महिने लागले.” तुझ्याबद्दल एक शब्द नाही. माफीची वाट बघत असशील तर बघू नकोस. ती त्यांच्याकडे तयार होत नाही.

समितीसमोर मी तुझ्या कागदाचा धड उपयोग करायचा ठरवला. तू काय केलंस ते तुला अजून माहीत नाही. नीट वाच.

मी म्हणत होते, अंधारामुळे फॉस्फेट जातो. चूक. पानं दिवसा थोडी साखर बाजूला साठवून ठेवतात आणि रात्रभर ती बीला पाठवत राहतात. अंधारात झाड थांबत नाही, म्हणून माझ्या सहा दिवसांत काही घसरलं नाही. तू मात्र घोस झाडापासून तोडलास. पाणी होतं, ताजेपणा होता, पण साखर येणं बंद. अकरा तास. बीच्या आत ही बातमी पोचली आणि फॉस्फेट निघून गेला. बाहेरून टवटवीत. आतून काम बंद.

म्हणजे आकडे खोटे नव्हते. मी त्यांना नाव चुकीचं दिलं होतं. समितीला हे पटलं, निदान पुरतं खोडून काढता आलं नाही. आकडे घरी बसून केल्याचा आरोप त्यांनी लेखी मागे घेतला. प्रबंध मात्र परत पाठवलाय. भिंतीवरचा आलेख मी उतरवला. बक्षीस परत करायचं पत्र हैदराबादला गेलं. एक वर्ष वाढवून मिळालंय, आणि या हंगामात हाच प्रयोग मुद्दाम करायचाय: काही घोस कापून पाण्यात, काही झाडावर तसेच, दर दोन तासांनी बी काढून बघायची. कापल्याची वेळ खरी लिहून.

मला तुझा राग आहे अजून. तुझ्या एका रकान्याने माझं एक वर्ष जास्तीचं खाल्लं. पण एकशे अठरापैकी एकाही पहाटे मी आले नाही, हेही खरं आहे.

रंगरावमार्फत नाही, संस्थेकडून थेट हंगामी नेमणूक मागितली आहे. तुझ्या नावाने. मंजूर झाली. लागवड झालीय. धागे बांधायला ऑक्टोबरच्या शेवटी माणूस लागेल. यायचं की नाही ते तू ठरव. मी विनवणी करणार नाही, ती मला जमत नाही.

गोधडी पंपाच्या खोलीत ठेवली आहे.

अपूर्वा

॰

डीसा
२९ ऑगस्ट २०२५

अपूर्वाताई,

पत्र मिळून चार दिवस झाले. तीन वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. त्यात शिव्या होत्या.

अकरा माणसं म्हणजे चार कमी. ती चार माणसं मी आल्यावर गाठून ऐकवणार आहे, आताच सांगून ठेवतो. सरांच्या माफीची वाट मी जानेवारीतच सोडली. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंही नाही काही. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, ते झालं, पण ते सात महिने मी कुठं कुठं काढले ते तुम्हाला कधी कळणार नाही. बडोद्याला पाइपच्या कारखान्यात एकाने विचारलं, आधी कुठं होतास? मी म्हटलं, कुठंच नव्हतो. दोन वर्षांचं काम, आणि तोंडातून ‘कुठंच नव्हतो’. हा राग तुमच्या एका कागदाने जाणार नाही. मी तो बरोबर घेऊन येतोय. तिकीट एकाचंच काढतो.

येतोय ते तुमच्यासाठी नाही. सातवी ओळ मी लावलेली होती. नवीन लावलेली बघायचीय, अंतर बरोबर ठेवलंय का. तुमच्या त्या नव्या पोरांनी दाटी केली असणार.

आता माझं ऐकून ठेवा. घोस कापून पाण्यात ठेवायचे आहेत ते मी कापीन, दिवे लागायच्या आत. झाडावर ठेवायचे आहेत त्यांची पहाटे पाचची कात्री तुमची. मी बॅटरी धरीन, कॅन धरीन, कापणार नाही. बस चुकली तर पंपाच्या खोलीत जागा आहे, मी बाहेर झोपीन. आणि त्या रकान्यात माझ्या अक्षराशेजारी तुमची सही पाहिजे, रोज. मी खोटं लिहिलं तर त्याच दिवशी धरा. तुम्ही आला नाहीत तर ते पण त्याच रकान्यात दिसेल.

प्रबंधात माझं नाव घालणार असाल तर शेवटी आभारात नको, मदतीबद्दल वगैरे. जिथं बादलीचं लिहाल तिथं घाला. बादली माझी होती.

एक गोष्ट चार दिवस डोक्यात बसलीय. आई म्हणते झाड रात्री झोपतं. तुम्ही म्हणता ते रात्रभर बीला भरवत असतं. मग उलट तेव्हा तर अजिबातच तोडायला नको. हे आईला सांगायचं असेल तर तुम्हीच सांगा, चहाला जाल तेव्हा. मी सांगितलं तर ती नवीन लाटणं काढेल. गवती चहा मात्र उजेड आहे तोवर तोडून ठेवा.

पावती म्हणून खाली नेहमीसारखं घालतो.

तारीख २९ ऑगस्ट. वेळ संध्याकाळी सव्वासहा. गोदामातल्या घड्याळात बघून लिहिली आहे. दिवे लागायचे आहेत.

शंभू